नऊ नंबरची पुडी

फेब्रुवारी लागला की आमच्या लॅबमधल्या बेसिनपाशी सकाळपासून टेस्टट्यूबांची किणकिण सुरू होते. वर्षभर कपाटात उलट्या ठेवलेल्या नळ्या बाहेर निघतात. कुणाच्या तळाशी निळसर डाग, कुणाच्या कडेला पांढरी रेघ. ब्रशने कितीही घासा, काही डाग जात नाहीत. प्रवरेवरून येणारा वारा अजून गार असतो. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक कारखान्याकडे चाललेल्या असतात, आणि बारावीची मुलं व्हरांड्यात भिंतीला टेकून ‘ग्रुप वन लेड, ग्रुप टू कॉपर’ असं पुटपुटत उभी असतात.

कोल्हारला येऊन मला सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत माझ्यापुरते ऋतू तीनच उरले आहेत: ॲडमिशनचा, प्रॅक्टिकलचा आणि पेपर तपासण्याचा. त्यातला प्रॅक्टिकलचा मला सगळ्यात जवळचा. वर्गात रसायनशास्त्र फळ्यावर असतं. इथे ते हातात येतं. पण चार वर्षांपूर्वीच्या एका फेब्रुवारीने त्या ऋतूची चवच बदलून टाकली. दरवर्षी टेस्टट्यूबा वाजायला लागल्या की मला तो फेब्रुवारी आठवतो.

सॉल्ट ॲनालिसिस म्हणजे ओळखपरेड. कागदाच्या पुडीत चिमूटभर पांढरी किंवा रंगीत पूड द्यायची, वर फक्त नंबर. मुलांनी ती पाण्यात विरघळवायची, तीत एकेक द्रावण घालत जायचं आणि काय होतं ते बघून पूड कसली आहे ते सांगायचं. सिल्व्हर नायट्रेट पाण्यासारखं स्वच्छ, अमोनियम क्लोराईडचं द्रावणही तसंच स्वच्छ. एकाचे दोन थेंब दुसऱ्यात पडले की क्षणात दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा साका खाली येतो. चांदीने आपला जोडीदार सोडून क्लोराईड धरलेलं असतं आणि अमोनियम उरलेल्या नायट्रेटबरोबर पाण्यात राहिलेलं असतं. पुस्तकात याला दुहेरी विस्थापन म्हणतात. मुलं साक्याला पीपीटी म्हणतात आणि ‘मॅडम, पीपीटी आला’ म्हणून ओरडतात. नवीन नोकरीत असताना मी वर्गात ‘दोघेही आपापले जोडीदार बदलतात’ असं म्हटलं, तर मागच्या बाकांवर जे हसू फुटलं ते तास संपेपर्यंत आवरलं नव्हतं. पुढे मीच त्या वाक्यावर थोडी थांबायला लागले, त्यांना हसायला जागा मिळावी म्हणून.

शिशाच्या द्रावणात पोटॅशियम आयोडाईड घातलं की हळदीसारखा पिवळा साका येतो. तो गरम पाण्यात विरघळतो आणि नळी गार होताना सोन्याच्या चकत्या होऊन तरंगत खाली उतरतो. हे दाखवलं की सगळ्यात टवाळ पोरगंही गप्प बसतं. अमोनियमचं मात्र वेगळं. त्याला असा देखणा साका नाही. ते ओळखायचं नाकाने. कॉस्टिक सोड्याबरोबर गरम केलं की तिथेही तीच अदलाबदल होते, पण खाली काही बसत नाही. वायू सुटतो आणि नाकात शिरतो.

आमच्या लॅबचे खरे मालक रशीदभाई होते. हुद्दा प्रयोगशाळा परिचर, पण कुठल्या कपाटात कुठली बाटली आणि कुठल्या बर्नरची नळी चिरलेली, हे फक्त त्यांना ठाऊक. माझ्या आधीपासून ते तिथे होते. आम्ही दोघांनी मिळून बावीस फेब्रुवारी काढले आणि त्यात एकमेकांच्या घरची विचारपूस फार तर दहा वेळा केली असेल. सकाळी ते डिस्टिल्ड वॉटर भरत, मी द्रावणं करत असे. अकरा वाजता ते स्टोअरमधल्या छोट्या शेगडीवर दोघांपुरता चहा टाकत. कधी बोलणं व्हायचं, कधी नाही. त्या न बोलण्याची इतकी सवय झाली होती की मला ते बोलण्यासारखंच वाटायचं.

आणि एक गोष्ट रशीदभाई करत, ती मला माहीत होती आणि मी तिच्याकडे बघत नसे. परीक्षेच्या दिवशी डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन ते टेबलांमधून फिरत आणि अडलेल्या पोरापाशी आलं की खाली न बघता ओठातल्या ओठात सॉल्टचं नाव सांगत. “पोरांचं नुसकान कशाला करायचं,” असं त्यांचं साधं म्हणणं. नाव कळलं की मुलं उलट्या दिशेने निरीक्षणं लिहून काढत. न पाहिलेले रंग, न आलेले साके. मी सह्या करत असे.

त्या वर्षी डिसेंबरमध्ये मला ताप आला. चार-पाच दिवसांत उतरला, सर्दी तेवढी रेंगाळली. कोरोना होऊन गेला होता तेव्हा माझं नाक शाबूत राहिलं होतं, त्यामुळे या साध्या तापाची मला काही शंका आली नाही. तोंडाला चव नव्हती, पण एकटीसाठी केलेल्या स्वयंपाकाला अशी कितीशी चव असते! मी बाजारतळाच्या मागे दोन खोल्यांत राहते. सकाळी पोळी-भाजी करायची, तीच संध्याकाळी गरम करायची. जेवताना मोबाईलवर बातम्या लावायच्या. कारखान्याच्या मळीचा वास हंगामात सगळ्या गावावर पसरलेला असतो, पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला तो सहन होत नाही. त्या वर्षी तो मला जाणवला नाही. मला वाटलं, वाऱ्याची दिशा बदलली असेल.

आता विचार केला की नवल वाटतं. माणसाचं एक इंद्रिय जातं आणि त्याला दोन महिने पत्ता लागत नाही! पण वास ही एकट्याने करायची गोष्ट नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. घरात दुसरं माणूस असलं की ते म्हणतं, ‘काहीतरी करपतंय बघ.’ ते म्हणतं, ‘दूध नासलं वाटतं.’ तुम्ही ‘कुठे? मला तर नाही येत’ म्हणता आणि तिथेच कळतं. माझ्याकडे असं म्हणणारं कुणी नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी परीक्षेची सॉल्ट काढायला बसले. मागच्या रॅकमध्ये एक मोठी काचेची बरणी होती. ॲसिडच्या वाफांनी तिचं लेबल पार खाऊन टाकलं होतं, नुसता तपकिरी कागद चिकटून राहिला होता. आत पांढरी पूड. मी बावीस वर्षं मुलांकडून जे करून घेतलं तेच केलं. सिल्व्हर नायट्रेट घातलं, पांढरा साका आला. म्हणजे क्लोराईड. धातूंच्या एकेका गटाची परीक्षा केली, कशातच काही आलं नाही. उरले दोघे, अमोनियम नाहीतर पोटॅशियम. सोडियम कोबाल्टीनायट्राईट घातलं तर पिवळा साका आला. हा साका दोघांनाही येतो, म्हणूनच आधी अमोनियम नाही ना, हे पक्कं करून घ्यावं लागतं. त्यासाठी आमच्या लॅबची जुनी युक्ती होती.

“रशीदभाई, तुमचा चुना द्या जरा.”

त्यांनी तंबाखूच्या डबीतला चुना माझ्या तळहातावर काढून दिला. मी चिमूटभर पूड त्यात चोळली आणि हात नाकाशी नेला. अमोनियम असेल तर लगेच वास सुटतो. काहीच नव्हतं.

“पोटॅशियम,” मी म्हणाले, आणि नवं लेबल लिहून बरणीवर चिकटवलं. माझ्या सुवाच्य अक्षरात. पूड ज्योतीत धरून रंग बघितला असता तर चूक तिथेच कळली असती. पण मला खात्री होती, आणि बेल झाली होती.

त्या बरणीतली पूड नऊ नंबरच्या पुड्यांत गेली.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळची बॅच होती. बाहेरून आलेले परीक्षक राजूरकडचे, वयाने माझ्याएवढेच, शांत गृहस्थ. ते टेबलाशी बसून उत्तरपत्रिका माझ्या यादीशी ताडून बघत होते. नऊ नंबर तिघांना आला होता. दोन मुलगे आणि प्रतीक्षा नावाची एक मुलगी. प्रतीक्षा पलीकडच्या वस्तीवरून सायकलने यायची. वर्गात क्वचित बोलायची. पण प्रयोगवहीत खाडाखोड करून पुन्हा करून बघितलेलं दिसायचं, आणि अशी वही वर्षातून एखादीच येते.

रशीदभाई बाटली घेऊन तिच्या टेबलाशी थांबलेले मला दिसले. ते काहीतरी पुटपुटले. तिने मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी ते कळलं नाही, आणि पुन्हा बर्नरकडे वळली.

तासाभराने परीक्षकांनी तिला बोलावलं. “तू अमोनियम क्लोराईड लिहिलंयस. चूक आहे. बाकी दोघांनी बरोबर काढलंय.”

“सर, मला अमोनियमच मिळालं.”

“पोटॅशियम आहे ते. यादीत आहे.”

“पण सर, वास आला ना. दोनदा करून बघितलं मी. लिटमस निळा झाला.” तिचा आवाज बारीक होता, पण मागे हटत नव्हता. “मी जे बघितलं तेच लिवलंय.”

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “बरणी मी स्वतः तपासली आहे, सर.” आणि तिच्याकडे वळून म्हणाले, “प्रतीक्षा, परीक्षकांशी हुज्जत घालायची नसते. नळी नीट धुतली नसशील.”

हे वाक्य मी म्हणाले. आज चार वर्षांनीही ते मला माझ्याच आवाजात ऐकू येतं. ती गोरीमोरी झाली. पण जागची हलली नाही.

“मॅडम, तुमीच बघा ना एकदा. तुमी म्हनलात तर मी खोडते.”

तिने टेबलावरून पुडी आणली. आमच्यासमोर नव्या नळीत पुडीतली उरलेली पूड घातली, सोड्याचं द्रावण ओतलं, बर्नरवर धरली. द्रावण उकळायला लागलं. तिने नळी माझ्यापुढे केली. मी हाताने वारा घेत नाकाशी ओढला, जसं मी हजारो मुलांना शिकवलं आहे. आत काहीच आलं नाही. मी नळी आणखी जवळ नेली.

“वास नाही,” मी म्हणाले.

प्रतीक्षा माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. मी खोटं का बोलते आहे, हे तिला कळत नव्हतं. रागापेक्षा ते फार वाईट होतं. तेवढ्यात परीक्षकांनी खुर्ची मागे सरकवली आणि नाकाला रुमाल लावला.

“अहो मॅडम, काय म्हणता? नाक जळतंय की माझं इथे बसून!”

पलीकडच्या टेबलावरचा मुलगा खोकला. खिडकीशी उभे असलेले रशीदभाई डोळे पुसत होते. माझ्याही डोळ्यांना झोंबत होतं, पाणी येत होतं, घशात खवखवत होतं. पण वास नव्हता. सगळी खोली एका गोष्टीने भरून गेली होती आणि तिथे असूनही मी तिच्यात नव्हते. मी पुन्हा नळी नाकाशी धरली. परीक्षकांनीच ती माझ्या हातातून काढून घेतली. “पुरे, मॅडम, त्रास होईल.”

मी म्हणाले, “चूक माझी आहे. बरणीवरचं लेबल मी लिहिलंय. चुन्यात चोळून वास घेतला होता, आला नाही. मला... मला आत्ताही येत नाहीये.”



परीक्षकांनी यादीत दुरुस्ती केली आणि माझी सही घेतली. प्रतीक्षाला पूर्ण गुण दिले. मग त्यांनी त्या दोन मुलांचे कागद पुन्हा उघडले. दोघांनीही लिहिलं होतं, ज्योत जांभळट दिसली. पोटॅशियमची दिसते तशी.

“कुठे दिसली रे जांभळी?” त्यांनी शांतपणे विचारलं.

मुलं खाली बघत उभी राहिली. रशीदभाई बाटली घेऊन एक पाऊल पुढे आले. त्यांचे ओठ हलले, पण मी त्यांच्या आधी बोलले. “सर, ही पद्धत या लॅबमध्ये वर्षानुवर्षं आहे आणि मला ती माहीत आहे. दोघांना दुसरं सॉल्ट द्या. कुणी काही सांगणार नाही.” एकाला ते ओळखता आलं, दुसऱ्याला आलं नाही. राजूरच्या त्या गृहस्थांनी पुढे काही ताणलं नाही. जाताना मात्र म्हणाले, “मॅडम, नाकाचं मनावर घ्या. घरी गॅस असतो.”

प्रतीक्षा सायकल स्टँडवर दप्तर कॅरिअरला बांधत होती. मी तिच्यापाशी गेले. बावीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्याची माफी मागायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.

“माझं चुकलं, प्रतीक्षा. मी तुला नको ते बोलले.”

ती अवघडली. दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागली. “मला वाटलं, तुमी सरांना भिऊन म्हनताय.”

“नाही गं. खरंच आला नाही.”

“काहीच न्हाई? फुलाचा, भाकरीचा?”

मी आठवून पाहिलं, सकाळपासूनचा एक तरी वास. एकही आठवेना.

“आमच्या आजोबांना ऐकू येत न्हाई,” ती म्हणाली. “पन ते आमाला सांगत्यात, काय म्हनली ती, मला सांग म्हनून. तुमी बी कुनाला तरी सांगत जावा.” एवढं बोलून ती सायकलवर बसून निघून गेली. त्या वयाच्या मुलीला आणखी काय सुचणार! पण मी बराच वेळ तिथे उभी राहिले. ‘कुणाला तरी’ या शब्दापाशी.

त्या दुपारी घरी येऊन मी एकेक डबा उघडला. हिंग. कॉफी. कापूर. खोबरेल तेल. उदबत्तीचा पुडा. सगळं नाकाशी धरून बघितलं आणि सगळं सारखंच होतं, थंड हवेसारखं. शेवटी फ्रिज उघडला. सकाळी मी जी आमटी खाल्ली होती तिच्यावर कडेने बारीक फेस आला होता. मी चष्मा लावून बघितलं तेव्हा दिसलं. किती दिवस मी असं खात होते कोण जाणे. ओट्याशी उभी राहून मी पहिल्यांदा घाबरले. मरणाला वगैरे नाही. मी माझ्याच घरात अशी वावरत होते आणि कुणालाही, अगदी मलाही, ते कळलं नव्हतं, याला घाबरले.

नाशिकला बहिणीला फोन केला. ती म्हणाली, “अगं, येईल परत. माझ्या जावेचा आला होता.” मग तिने सुनेचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. मी ‘हो, हो’ म्हणत ऐकलं.

नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तापाने वासाच्या नसेला इजा झाली असावी. येईल किंवा येणार नाही. एक उपाय दिला. लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाब अशा चार वस्तू रोज सकाळ-संध्याकाळ नाकाशी धरायच्या आणि तो वास कसा होता ते मनात आठवायचं. चार वाट्या खिडकीत मांडून मी ते करू लागले. लवंगेचा आठवायचा, लिंबाचा आठवायचा. गुलाबाचा दोन महिन्यांत पुसट झाला. आठवणीतले वासही, दुसरं कुणी आठवण करून दिली नाही तर, टिकत नाहीत.

त्याच मे महिन्याच्या अखेरीस रशीदभाई निवृत्त झाले. स्टाफरूममध्ये शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. नंतर ते किल्ल्यांचा जुडगा द्यायला लॅबमध्ये आले. किल्ल्या टेबलावर ठेवल्या तरी ते जाईनात.

“मॅडम, एक सांगायचं हुतं. जानेवारीतच सांगायला पायजे हुतं.”

“काय?”

“एक दिवस च्याचं दूध नासलेलं हुतं. मी कपात वतल्यावर मला कळलं. म्हनलं, आता मॅडम फेकून देतील. तर तुमी सगळा पिलात. वर म्हनलात, आज बरा झालाय.” ते खिडकीबाहेर बघत होते. “मला वाटलं, माझं मन राखाया पिलात. घरी जाऊन बायकोला बी सांगितलं, आमच्या मॅडम अशा हायेत म्हनून. लई बरं वाटलं हुतं मला.”

“मग मला विचारलं का नाही, रशीदभाई?”

“तुमी मान ठेवल्यावर मी कसं इचारू?”

मला हसू आलं आणि ते अर्ध्यात थांबलं. दोन माणसं बावीस वर्षं एकाच खोलीत चहा पितात, एकमेकांना दुखवू नये म्हणून जपून वागतात, आणि त्या जपण्यातच एकाचं नाक गेल्याचं कळत नाही. त्यांनी एकदा तोंड वाकडं केलं असतं, मी एकदा ‘चहाला चव नाही’ म्हटलं असतं, तर प्रतीक्षाला ते वाक्य ऐकावं लागलं नसतं. पण आम्ही दोघंही भली माणसं होतो.

“त्या दिवशी परीक्षेत तुमी माझ्याआधी बोललात,” ते जाता जाता म्हणाले. “मी सांगनारच हुतो, मॅडम. तोंडाशी आलं हुतं.”

“माहीत आहे मला.”

ते मिरजगावला मुलाकडे राहायला गेले. सुरुवातीला ईदला, दिवाळीला फोन यायचा. मग त्यांना मोबाईलवर नीट ऐकू येईनासं झालं आणि बोलणं ‘बरं हाय ना?’ ‘बरं आहे’ एवढ्यावर आलं. आता तेही मुलाच्याच हातात फोन असतो तेव्हा. प्रतीक्षा संगमनेरला बीएस्सी करून पुढे गेली असं ऐकते. ती कधी भेटायला आली नाही, आणि तिने यावं असं काही कारणही नाही.

नाक आलं नाही. अकरा वाजता मी स्टोअरमध्ये एक कप चहा करते. दूध रोज ताजं घेते आणि उरलेलं ओतून देते. आता सॉल्टच्या बरण्या तपासायची वेळ आली की मी नव्या परिचराला आणि आणखी एका सरांना बोलावते आणि तिघांच्या सह्या घेते. आणि परीक्षेच्या दिवशी लॅबमध्ये कुणी कुणाला नाव सांगत नाही. त्यामुळे आमच्या कॉलेजचे प्रॅक्टिकलचे गुण थोडे उतरले, त्यावर प्राचार्य एकदा बोललेही. मी ऐकून घेतलं.

एक गोष्ट मात्र मी नव्याने करायला लागले. सरावाच्या दिवसांत मुलं अमोनियमची नळी घेऊन येतात, ‘मॅडम, हाच का वास?’ विचारायला. पूर्वी मी हो किंवा नाही म्हणायचे. आता सांगते, “मला वास येत नाही. तू सांग, कसा आहे?” आधी ती गोंधळतात, हसतात. मग सांगतात. एक जण म्हणाला, गोठ्याचं दार सकाळी उघडल्यावर येतो तसा. मला आमच्या गावचा गोठा लख्ख आठवला, शेणाचा ओलावा आणि गव्हाणीतल्या कडब्यासकट. दुसरा म्हणाला, मेंढरांच्या वाड्यासारखा. एक म्हणाला, एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीसारखा, आणि सगळ्या बॅचला हसू लोटलं, मलाही. जे मला ठाऊक होतं ते ही पोरं क्षणभर परत आणून देतात. नाकात काही येत नाही, पण गोठा येतो, भिंत येते.

गेल्या आठवड्यात सरावाच्या तासाला एक मुलगी आली. वर्गात नेहमी शेवटच्या बाकावर असते, केसांना घट्ट दोन वेण्या. तिच्या हातातल्या नळीतून वाफ निघत होती.

“काय वास आहे?” मी विचारलं.

तिने पुन्हा हुंगलं, मान तिरकी करून विचार केला. “बाळाच्या झोळीसारखा, मॅडम. रात्रभर बाळ झोपलेलं असलं ना, आन सकाळी झोळी धुवायची ऱ्हायली की येतो, तसा.”

मी आठवायला गेले आणि माझ्याजवळ काहीच नव्हतं. गोठा होता, वाडा होता, स्टँड होतं. हे नव्हतं. नाक शाबूत होतं तेव्हाही हा वास मला कधी भेटला नव्हता. ती मुलगी नळी धरून उभी होती, मी बरोबर म्हणते की चूक याची वाट बघत. पुढच्या टेबलावर कुणाचा तरी पीपीटी आला होता आणि तो मला हाका मारत होता.

“बरोबर आहे,” मी म्हणाले. “वहीत मात्र ‘उग्र, झोंबणारा वास’ असं लिही.”

“व्हय, मॅडम.”

ती वळली. मी तिला थांबवलं.

“बाळ कुणाचं?”

“माझ्या वहिनीचं. मुलगी हाय. साडेचार महिन्यांची झाली.”

“रडते का गं फार?”

“लई!” ती एकदम खुलली, वहीचं विसरूनच गेली. “पन झोळीत घातलं आन दोरी वढली, की गप. मीच झोपवते तिला रोज.”

“कशी झोपवतेस?” मी विचारलं, आणि बाजूचं स्टूल ओढून बसले.